अंगठ्याआधी

रबाळे पोलीस ठाण्यात रात्री पावणेबाराला
ओळखपत्रावरचा माझा फोटो आणि मी,
आळीपाळीने दोघींकडे बघत अंमलदार म्हणतो,
"ताई, तुम्ही तर आपल्यातल्या. हिच्यासाठी कशाला?"

ही म्हणजे रेजिना बीबी.
बाकावर नाही, बाकाला टेकून जमिनीवर.
घणसोलीच्या टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर
सकाळची भांडी अर्धीच घासून झाली होती,
साबणाचा फेस कोपराशी पांढरा वाळलाय.
मालद्याची, असं ती म्हणते.
पलीकडची, असं कागद म्हणतो,
आणि कागद अजून लिहून व्हायचाय.

मला बंगाली येत नाही.
हिंदी दोघींचीही उसनी,
शेजारून वाटीभर आणलेली.
तेवढ्यात भागवायचं.

का पकडलं ते विचार, मी सांगते,
तुला समजेल अशा बोलीत सांगणं त्यांना भाग आहे.
वकील माग. पैसे नाहीत म्हण, तरी मिळतो.
घरी कळवायला लाव. कुणाला कळवायचं, नाव सांग.
चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर.

ती बोटं उघडते, मिटते.
"कब से गिनेंगे, दीदी?"

डायरीत अटक रात्री नऊची आहे.
फेस सकाळचा आहे.
मी आवाज न चढवता अंमलदाराला म्हणते,
नऊच ठेवणार असाल तर सूर्य मावळलेला होता, साहेब,
बाईमाणसाला अटक, तर वरची लेखी परवानगी दाखवा.
आणि सकाळ लिहिणार असाल
तर घड्याळ सकाळपासून धावतंय.

पेन थांबतं.
पंखा तेवढा फिरत राहतो.
तो चहा मागवतो, तीन.
हे जिंकणं नव्हे, मला ठाऊक आहे.

मग सगळ्यात अवघड ते सांगायचं राहतं.
प्रश्न विचारतील, तुझ्याच विरुद्ध जाईल
असं उत्तर द्यायची सक्ती नाही.
गप्प राहायचा तुला हक्क आहे.
ती माझ्याकडे अशी बघते
की मीच काहीतरी चुकीचं बोलले.
गप्प?
ते तर जन्मभर केलं,
त्याला हक्क म्हणतात होय?

मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
आमच्या घरात 'गप ऱ्हा' ही शिक्षा होती,
आईला, मला, नंतर सुनेला.
तेच दोन शब्द घटनेतून फिरून आले
की ढाल होतात,
हे कळायला मला पंचेचाळिशी लागली.

आणि अंगठा.
वाचून दाखवल्याशिवाय देऊ नकोस.
अर्धं वाचलं तर अर्धाही देऊ नकोस.
हे सांगताना माझा आवाज जरा हलतो,
कारण मिठागराच्या नोटिशीवर
माझ्या बापाचा, हाशा म्हात्रेचा अंगठा आहे,
निळा, ऐसपैस, एकही रेघ न पुसलेला.
"साहेब गोर बोलला, नी मी आंगठा दिला,"
मरेपर्यंत हेच एक वाक्य.
त्या मिठावर आता हे ठाणं उभं आहे
की पुढचा पेट्रोल पंप,
याबद्दल भावकीत अजून वाद आहे.

अंमलदार पुन्हा म्हणतो, पण ती नागरिक आहे का?
मी म्हणते, या कलमात 'नागरिक' नाही,
'व्यक्ती' लिहिलंय.
व्यक्ती तर आहे ना?
तो बाकाशेजारी बघतो.
चहा तिच्या हातात थंड होतोय.

एक गोष्ट मी तिला आज सांगत नाही.
तू इथली नाहीस, हे त्यांनी दाखवायचं नसतं,
तू इथली आहेस, हे तूच दाखवायचं असतं.
ते उद्या वकील सांगेल,
झोप झाल्यावर, झाली तर.

निघताना ती विचारते,
"दीदी, आपके पास जनम का कागज है?"

आहे की.
शाळेचा दाखला.
घरातच जन्मले मी, भरतीच्या वेळी,
तारीख कुणी लिहिली नाही.
गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांसारखी
मलाही एक जून लावून दिली.

खरी कधीची, ते आईलाच ठाऊक होतं.
आणि आई गप्प होती.